जिरवलेलं वर येतं

उंद्रीत कुणालाही हबीब मिस्त्रींचं घर विचारा, माणूस आधी बोअर दाखवतो. हा त्यांचा, तो शाळेमागचा त्यांचा, तो हापसा दिसतोय तोही त्यांचाच. घर काय, असेल तिथंच कुठंतरी. तेहेतीस वर्षं हबीब मिस्त्रींनी जमिनीला भोकं पाडली. कॉम्प्रेसरच्या आवाजानं डावा कान गेला, तेव्हापासून ज्याचं ऐकायचं त्याला ते उजव्या हाताला बसवतात. अमीना, म्हणजे त्यांची बायको, गेली वीस वर्षं डावीकडेच बसते असं ते पाहुण्यांना सांगतात. ती शिवणयंत्रावरून मान वर न काढता म्हणते, "उजवीकून बोलली असती तं माणूस सुधरला नसता?"

पण चिखली तालुक्यात मिस्त्रींचं नाव निघतं ते कानामुळे नाही, लाडवांमुळे. बोअर पाडला की वरच्या भुसभुशीत मातीत पाइप बसवतात, त्याला केसिंग म्हणतात. पाइप उतरला की बाकीचे बोअरगाडीवाले हात धुऊन मोकळे होतात. मिस्त्रींचं खरं काम तिथून सुरू होतं. ते पाइपाच्या आत बघत नाहीत, बाहेर बघतात. पाइप आणि जमीन यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यात ते चिकणमातीचे लिंबाएवढे लाडू वळून एकेक सोडतात आणि सळईनं ठासतात. त्यात अर्धा दिवस जातो. गाडी खोळंबते, मालक कुरकुरतो.

"हबीब बोअर नाही पाडत बे, लग्न लावते," दुसरे गाडीवाले म्हणायचे. "पाहा, लाडू वळून राह्यला."

मिस्त्री हसायचे आणि पुढचा लाडू वळायचे. लाडू का, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरातसुद्धा नाही.

त्यांची मुलगी उमैमा चिखलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. मी भोकं पाडली, पोरगी त्यायले इंग्रजी नावं देते, असं मिस्त्री सांगत, आणि सांगताना त्यांची मान आपोआप ताठ होई. यंदा फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, कॉलेजात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले शरच्चंद्र सर येणार होते. विषय मोठा होता. अणुभट्ट्यांमधून जो किरणोत्सारी कचरा निघतो, तो समुद्राच्या तळाखालच्या चिखलात खोल भोक पाडून पुरला, तर सुरक्षित राहील का? उमैमाच्या चारुलता मॅडमनी मुलांना यावर मॉडेल करायला सांगितलं होतं. ज्याचं मॉडेल सरांना पटेल, त्याला उन्हाळ्यात दोन महिने त्यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. जागा एकच. उमैमाला ती हवी होती. तिच्यापेक्षा मिस्त्रींना ती जास्त हवी होती.

भांडण झालं ते मॉडेलपुढे लावायच्या फलकावरून. घरातलं बोलणं तसं उर्दूच्या वळणाचं, पण उमैमा बालवाडीपासून मराठी शाळेतली. तेव्हा मराठी शब्दावरून वाद निघाला की बापलेक दोघंही सरळ वऱ्हाडीवर उतरत. फलकावर तिनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'अणुकचरा समुद्रतळाखाली जिरवणे – एक सुरक्षित उपाय'.

मिस्त्रींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे 'जिरवणे' कोनं लिहिलं?"

"मॅडमनं सुचवलं. काऊन?"

"खोडून टाक."

उमैमाला हसू आलं. पण मिस्त्री हसत नव्हते. आपल्या जिल्ह्यात जिरवणं म्हणजे काय, हे शेंबडं पोरगंही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. बांध घालायचे, चर खणायचे, पावसाचं पाणी अडवायचं आणि जमिनीत जिरवायचं, ते कशासाठी? उन्हाळ्यात विहिरीला यावं म्हणून.

"जिरवलेलं वर येते, बेटा. वर यावं म्हूनच जिरवतो आपण. अन् तुम्ही जहर जिरवून राह्यले?"

"मंग काय लिहू? पुरणे?"

"पुरलेलं कुत्रं उकरते."

"विल्हेवाट लावणे?"

"त्याच्यात नुसते हात झटकल्यासारखं वाटते."

"मंग शब्दच नाही उरला, अब्बा."

"तेच तं म्हणतो मी," मिस्त्री म्हणाले. "आधी काम दाखव. शब्दाचं मंग पाहू."

काम न्हाणीशेजारच्या ओट्यावर मांडलेलं होतं. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार, वरून कापलेला. आत निम्म्यापर्यंत भिजवून दाबलेली काळी चिकणमाती, हा समुद्राचा तळ. तिच्यावर मिठाचं पाणी, हा समुद्र. जारच्या कडेला, बाहेरून दिसेल असं, मातीत एक भोक. त्यातून खाली सोडलेली छिद्रांची पत्र्याची डबी, डबीत लाल रंग. हा झाला कचरा. भोक पुन्हा मातीनं बुजवलेलं. दोन तास ठेवलं होतं आणि समुद्र नितळ होता. चिकणमाती पाणी धरून ठेवते, विषारी कण तिच्या कणांना चिकटून बसतात, वर यायला त्यांना युगं लागतील. उमैमानं सगळं घडाघडा सांगितलं, सरांपुढे सांगायचं होतं तसंच.

मिस्त्रींनी प्रश्न विचारले, ते ज्या शेतात बोअर पाडायचा त्या मालकाला विचारतात तसे. एकामागून एक, घाई न करता. हा कचरा किती वर्षं विषारी राहतो? त्यातला काही भाग लाख वर्षं, ती म्हणाली. तू किती वेळ पाहिलंस? दोन तास. खऱ्या कामात भोक कोण पाडणार? जहाजावरचं यंत्र. अन् ते बुजवणार कोण? तेच. कचरा थंड असतो का गरम? या प्रश्नावर ती थांबली. गरम असतो, ती म्हणाली, कित्येक वर्षं गरम राहतो.

"मंग खाली बल्ब लाव. अन् चार रोज ठेव."

"अब्बा, माती पक्की आहे. पुस्तकात आकडे आहेत."

"मातीवर माहा इमान आहे पोरी. सांध्यावर नाही. माती देवाची, सांधा आपला."

"तुम्हाले काय माहीत?"

तिनं ते उर्मटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मिस्त्री ओट्यावर बसले. तेहेतीस वर्षं धंदा केला एवढं उत्तर पुरलं असतं, आणि दुसरं कुणी असतं तर त्यांनी तेवढंच दिलंही असतं. ही पोरगी लहानपणी शाळेत सगळ्यांना सांगायची, माझ्या अब्बांचा एकही बोअर बिघडला नाही. तिला ते आता सांगणार होते की एक बिघडला होता.

तो वरवट बकालच्या शिवारातला, पुंजाजींच्या मळ्यातला. ती सगळी पट्टी खारपाणाची. वरच्या थरातलं पाणी जिभेवर ठेववत नाही. नशिबानं खाली गोडं पाणी लागलं. गावानं त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हा मिस्त्रींना घाई होती, पुढच्या गावी गाडी ठरलेली. त्यांनी पाइप उतरवला, बाहेरच्या फटीत निघालेला मुरूमच परत लोटला आणि निघून गेले.

तीन महिन्यांनी त्याच वाटेनं जाताना ते मुद्दाम पुंजाजींकडे थांबले, दोन कौतुकाचे शब्द ऐकायला. पुंजाजींनी खाट टाकली. त्यांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, चहा टाकला. पाणी उकळलं, साखर पडली, पत्ती पडली, आणि दूध ओतल्याबरोबर चहा फाटला. भांड्यात दुधाच्या चिंध्या झाल्या. अन्नपूर्णाबाईंनी तो तसाच गाळला, कपात ओतला, कप बशीत ठेवला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

"घ्या मिस्त्री," पुंजाजी म्हणाले. "तुमच्याच बोअरचं पाणी आहे."

बाकी एक शब्द नाही. शिवी नाही, तक्रार नाही. मिस्त्रींनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. माती तिथलीच होती, जशी होती तशी. खारं पाणी मातीतून गेलंच नव्हतं. ते पाइपाच्या अंगानं, त्यांनी घाईत बुजवलेल्या फटीतून खाली उतरलं होतं. आठवड्याभरात ते गाडी घेऊन परत गेले. पाइप उपसला, भोक रुंद केलं, नवा पाइप घातला, आणि अन्नपूर्णाबाई पिठाचे गोळे करतात तसे चिकणमातीचे गोळे करून बाहेरची फट तळापासून ठासत आणली. अकरा दिवस. मग पाणी उपसत राहिले, गोडं होईपर्यंत. शेवटी पुन्हा चहा झाला. दूध ओतताना सगळे भांड्यात डोकावले होते. चहा तांबूस झाला आणि तसाच राहिला.

"त्या टायमाले तू दोन वर्षाची होती," मिस्त्री म्हणाले. "घरी आलो अन् तुझ्या अम्मीले सांगितलं, गाडी बिघडली होती."

शिवणयंत्र केव्हाचं थांबलं होतं. अमीनानं उंबऱ्यातून एवढंच विचारलं, की अकरा दिवस गाडी बिघडते यावर तिनं विश्वास ठेवला होता असं यांना इतकी वर्षं वाटत होतं की काय.

उमैमानं उठून बल्ब आणला.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. उमैमानं बापाकडे एकदा जिंकल्यासारखं पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली तर अमीना जारपुढे उकिडवी बसलेली. काळ्या मातीत, जुनी माती आणि भोकात भरलेली माती यांच्या मधोमध, एक लाल रेघ वर चढली होती. दोऱ्याएवढी बारीक. दोन्ही बाजूंची माती काळी ती काळीच.

"कपडा धड आहे," अमीना म्हणाली. "शिवण उसवली."

चौथ्या दिवशी समुद्र गुलाबी झाला.

चारुलता मॅडमनी कॉलेजात मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्या वाईट बाई नव्हत्या. उमैमाचं भलं व्हावं हीच त्यांची धडपड. विज्ञान दिन परवावर आलेला. त्यांनी समजावलं, की नवीन माती भर, त्याच दिवशी सकाळी मांड, बल्ब काढून टाक, दोन तास ते नितळ राहील. खोटं बोलायचं नाही, फक्त जे टिकतं तेवढं दाखवायचं. उमैमानं घरी येऊन हे सांगितलं, आणि तिला वाटलं होतं तसे मिस्त्री भडकले नाहीत. उलट म्हणाले, मॅडम बरोबर सांगतात. गळणारा जार पाहून तुला कोण पुण्याला नेईल? आपल्याला कळलं ते आपल्यापाशी राहू दे. तू जाणं महत्त्वाचं.

उमैमा त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसली.

"मंग तुम्ही वरवटले वापस काऊन गेलते, अब्बा? पुंजाजीनं तं बोलावलंही नव्हतं."

मिस्त्रींनी जारकडे पाहिलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. बाजू उजवी होती.

"जार मी घेऊन येतो," शेवटी ते म्हणाले. "तुह्या हातून हलला तं सांडन."

विज्ञान दिनाला ते शेजाऱ्याच्या ॲपे रिक्षात मागं बसले, जार मांडीत धरून. खड्डा आला की जार वर उचलत, स्वतः आदळत. कॉलेजात सहा मॉडेलं मांडलेली. बाकीचे पाच समुद्र निळेशार, एकात तर प्लास्टिकचे मासे. उमैमाचा समुद्र गुलाबी. फलकावरची जुनी ओळ गेली होती. नवीन फलकावर फक्त लिहिलं होतं: 'जिरेल, की वर येईल?'

शरच्चंद्र सर सत्तरीचे, मूळचे मेहकरकडचे, बोलायला साधे. भाषणात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. समुद्रात असा कचरा टाकायला किंवा तळाखाली पुरायला आंतरराष्ट्रीय करारानं मनाई आहे, हे आधी सांगितलं. तरी यावर पूर्वी बराच अभ्यास झाला, चिकणमातीनं प्रयोगात चांगली साथ दिली, आणि मनाई असली तरी प्रश्न संपत नाहीत; कारण कचरा रोज तयार होतोय आणि तो कुठंतरी ठेवावाच लागणार आहे. डबा खाऱ्या पाण्यात किती टिकेल, उष्णतेनं माती कशी वागेल, काही बिघडलं तर इतक्या खोलातून परत काढणार कसं, हे त्यांनी एकेक उलगडून सांगितलं. मागच्या रांगेत मिस्त्री उजवा कान पुढं करून बसले होते.

मग सर मॉडेलं बघत निघाले. गुलाबी समुद्रापाशी थांबले, वाकले, चष्मा कपाळावर चढवला.

"हे फसलंय की गं तुझं."

"मॉडेल नाही फसलं, सर," उमैमा म्हणाली. "सांधा फसला. मातीतून रंग कुठंच आलेला नाही, बघा. आपण जे भोक पाडलं आणि आपणच बुजवलं, तिथून आला."

सरांनी तिला सोडलं नाही. जारभर मातीवरून समुद्राचं सांगतेस? तिथं वर काही किलोमीटर पाणी, केवढा दाब. ओली माती त्या दाबाखाली सरकते आणि भेग आपोआप मिटते. उमैमानं मान्य केलं. तिथं गळेलच असं मी म्हणत नाही, ती म्हणाली. एका जारवरून तसं म्हणताच येणार नाही. मी एवढंच म्हणते, की आपण सगळे प्रश्न मातीला विचारतोय. आपल्या कामाला कोण विचारणार?

सर सरळ उभे राहिले. हे कुठं वाचलंस, त्यांनी विचारलं. तिनं हात करून मागच्या रांगेकडे दाखवलं, आणि साठ-सत्तर माना वळल्या.

मिस्त्री उठले. पॅन्टला अजून जारमधला चिखल होता. सरांनी त्यांना पुढं बोलावलं, वरवट बकालची हकिगत विचारली आणि त्यांनी ती भर सभेत, काही न लपवता सांगितली. सरांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, तुम्ही दुसऱ्यांदा बुजवलेलं किती वर्षं टिकलंय?

"एकोणीस. आजही गोडं आहे."

"एकोणीस वर्षं छानच झाली, मिस्त्री. पण इथं प्रश्न लाख वर्षांचा आहे."

"तेच तं इचारून राह्यलो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "माहा बोअर बिघडला तं पुंजाजीनं मले चहा पाजला. मी जित्ता होतो, म्हून मले लाज वाटली, म्हून मी वापस गेलो. तुमचं लाख वर्षानं बिघडन तवा चहा कोन टाकन? अन् पाजन कोनाले?"

मासेवाल्या मॉडेलची मुलगी, राखी, हातातली छडी खाली ठेवून ऐकत होती. सरांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

"मातीचं उत्तर माझ्याकडं थोडंफार आहे," ते म्हणाले. "सांध्याचं शोधता येईल. याचं नाही. माझ्या आधीच्यांकडंही नव्हतं." मग उमैमाकडे वळून म्हणाले, "मे महिन्यात ये. आणि हा जार असाच घेऊन ये. नवा करू नकोस. माझ्याकडच्या पोरांना आधी हा बघू दे."

चारुलता मॅडमनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच बाकीच्या मुलांना रांगेत उभं करायला धावल्या. मिस्त्रींना काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी जार उचलला आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत खाली ठेवला नाही. घरी अमीनाला सांगताना त्यांनी सरांचं वाक्य तीन वेळा सांगितलं, तिसऱ्या वेळी थोडं वाढवून. अमीनानं ते तिन्ही वेळा ऐकलं, आणि डावी बाजू सोडून समोर बसून ऐकलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात चिखलीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली. उमैमाची बॅग वर गेली. जार मिस्त्रींनी स्वतः आत नेला, तिच्या पायाशी ठेवला, चारी बाजूंनी गोधडी खोचली आणि एक कड उघडी ठेवली. रेघ दिसली पाहिजे. कंडक्टर तिकिटं फाडत आला, गोधडीत डोकावला.

"हे काय आहे, चाचा?"

"माती."

"माती?" कंडक्टरनं पंच हवेतच धरला. "पुण्याले माती नाही भेटत का?"

"भेटते ना," हबीब मिस्त्री म्हणाले, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, कारण एका कानाच्या माणसाला आपला आवाज नीट मापता येत नाही. "पण तिथल्या साहेबायले गळणारी पाहिजे. तशी फक्त माह्या पोरीजवळ आहे."